उघड्या डोक्याचा चार

तिसऱ्या मजल्यावरच्या झुमरानं बाल्कनीतली मिरचीची रोपं जुन्या डब्यांतून नव्या खोक्यांत हलवली होती आणि ती बघायला ये म्हणून तीन दिवस ती राझियाच्या मागं लागली होती. राझियाला रोपं बघायची नव्हती. ऑगस्टची दुपार, औषधांच्या दुकानातली पाळी संपवून ट्रामनं घरी येईतो पाठीला ब्लाउज चिकटलेला, आणि डोक्यात दिवसभर ऐकलेल्या माणसांच्या खोकल्यांचा आणि तक्रारींचा गाळ. झुमराचा आवाज तिला कधीच आवडला नव्हता. जिन्यात उभं राहून हाक मारली तरी ती सगळ्या इमारतीला उद्देशून बोलते असं वाटायचं. पण बाबो, राझियाचा बाप मुहारेम, गेल्यापासून, म्हणजे एप्रिलपासून, झुमरा दर शुक्रवारी पिठाच्या गुंडाळ्या भाजून दारात ठेवून जात होती, आणि खाल्लेल्या अन्नाची परतफेड कधीतरी बाल्कनीत उभं राहून करावीच लागते. म्हणून राझिया गेली. कॉफी आधीच उकळलेली होती. झुमरानं तिच्या हातात कानाविना वाटी दिली, जिभेखाली ठेवायला साखरेचा खडा दिला आणि पडदा बाजूला केला. तीन खोकी होती. लांबट, गडद हिरवी, दोन्ही टोकांना जाड दोरीच्या मुठी. आतल्या काळ्या मातीत मिरच्या उभ्या होत्या, शेंड्याला लांब, अजून हिरव्या, दोन-तीन लाल व्हायला लागलेल्या. "बघ, सैन्याचं लाकूड," झुमरा म्हणाली. "तीस वर्षांत किडलं नाही, माझ्या पाण्यानं काय किडणार?" राझिया खोक्याच्या बाजूवरचा, इंग्रजी अंकांतला पांढरा आकडा बघत होती. ८४१७. आठ, एक आणि सात पत्र्याच्या साच्यातून उमटवलेले, कडा धारदार. चार मात्र ब्रशनं काढलेला, छापील चारासारखं मिटलेलं नव्हे तर त्याचं डोकं उघडं, दोन्ही दांड्या वर एकमेकींना न भेटता तशाच उभ्या. आणि झाकणाच्या उरलेल्या पट्टीवर, कोपऱ्यात, निळ्या मेणखडूचं वर्तुळ, वर्तुळाखाली एक आडवी रेघ. साखरेचा खडा तिच्या जिभेखाली विरघळून गेला आणि कॉफीचा घोट घ्यायचा राहिला.

कुठून आणलीस, असं तिनं विचारलं असावं, कारण झुमरा सांगायला लागली होती. लाकूडवाल्या रासिमनं या वर्षी सरपणाबरोबर अशी खोकी ट्रकभर आणली, बरीचशी फोडून पेटवणाची ढलपी केली, तिनं तीन अख्खी मागून घेतली. याव्होरिकच्या माळावरच्या दारूगोळ्याच्या कोठारातली. परदेशी साहेबांनी कोठाराला नवीन खोकी दिली होती, प्लॅस्टिकची, घट्ट झाकणांची, आणि जुनी सगळी रिकामी करून बाहेर काढली होती. "तुझा बाबो असता तर एक फळी फाटकाबाहेर जाऊ दिली नसती," झुमरा म्हणाली, आणि मग मेलेल्या माणसाचं नाव निघालं की तिथं सगळ्याच म्हाताऱ्या करतात तसं तिनं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. राझिया म्हणाली, मिरच्या छान आल्यात. वाटी ठेवून ती एक मजला खाली आपल्या घरात आली आणि दार लावून दाराला टेकून उभी राहिली. समोरच्या भिंतीवर बाबोला कोठारातून निवृत्तीच्या वेळी मिळालेलं मानपत्र होतं. वीस वर्षांच्या सेवेत एकही अपघात नाही, असं त्यात लिहिलेलं. दफनाच्या वेळी कोठाराच्या प्रमुखानं तेच वाक्य म्हटलं होतं, थोडं लांबवून: मुहारेमच्या हाताखाली एकही पेटी कधी जागची हलली नाही. तेव्हा राझियाला रडू आलं होतं. आता तिला त्या चौकटीच्या काचेवर आपलंच तोंड दिसत होतं, घामेजलेलं, उर्मट.

तो चार तिचा होता. ती पंधरा वर्षांची होती, त्र्याण्णवचा हिवाळा, शहराला वेढा पडलेला, स्वयंपाकघराच्या खिडकीला काचेऐवजी मदतसंस्थेचं जाड प्लॅस्टिक. बाबो तेव्हा शहराच्या सैन्याच्या दारूगोळ्याचं बघायचा आणि पहाटे रिकाम्या खोक्यांचा गाडा घेऊन यायचा. टेबलावर पत्र्याचे साचे, एका कपात पांढरा रंग. बाबोचे हात तेव्हा गारठ्यानं थरथरायचे, म्हणून रंगवायचं काम तिच्याकडे. साच्यांच्या संचातला चार हरवला होता. "हातानं काढ," बाबो म्हणाला, "तुझं अक्षर सुबक आहे." चाळीस खोकी. तिनं चाळीस चार काढले, आणि ज्या दिवशी शेवटचा काढला त्या दिवशी बाबोनं तिला कुठूनतरी एक संत्रं आणून दिलं, ते तिनं सालीसकट खाल्लं. आत काय जाणार हे तिला माहीत होतं. न फुटलेल्या गोळ्यांतून काढलेली, ओल लागलेली, चादरींवर पसरून वाळवलेली बारूद. कोणत्या कारखान्याची, किती जुनी, कोणाला ठाऊक. सगळी एकत्र. तिनं विचारलं होतं, हा आकडा कशाला मग? ८४१७ हा युद्धाआधीचा लॉट, कारखान्याचा, कधी दगा न देणारा. तोफखान्यातल्या पोरांना तो आकडा पाठ होता. "आकडा नसला तर पोरं हात लावत नाहीत," बाबो म्हणाला. "आकडा बघितला की भरतात." यात लबाडी आहे असं तेव्हा तिला वाटलं नव्हतं. त्या हिवाळ्यात पुस्तकं जाळून भात शिजवला जात होता. आकडाही असाच काहीतरी जाळण्यासारखा वाटला. आज दुकानात कोणी जुन्या गोळ्यांच्या पाकिटावर नव्या तारखेची चिकटपट्टी लावली तर ती त्या माणसाला पोलिसांत देईल. कफच्या बाटल्यांवर, मलमांच्या ट्यूबांवर ती रोज निळ्या पेनानं तारखा लिहिते, आणि प्रत्येक चाराचं डोकं उघडं असतं.

वर्तुळाची गोष्ट वेगळी होती, आणि तिचा विचार न करता यावा म्हणून ती तळघरात गेली. म्हणजे नेमकी तिथंच गेली. इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराची एक जाळीची खोली होती. बाबोनं त्यांची खोली कोठारासारखी लावली होती: फळ्या भिंतीपासून एक वीत दूर, जड खाली, हलकं वर, दाराशी उष्णतामापक, जुनं पुढे, नवं मागे. आई होती तोवर दर शरद ऋतूत तिथं भाजलेल्या मिरचीची चटणी आणि आंबवलेल्या भाज्यांच्या बरण्या उभ्या राहायच्या, प्रत्येकीवर आईच्या अक्षरात कागद. आईचा हात उतावळा होता. कधी बरणी नीट उकळायची राहायची, कधी एका फसलेल्या पातेल्यातलं उरलंसुरलं चांगल्या बरण्यांत वाटलं जायचं, कारण टाकवायचं नाही. बाबो आईला काही बोलला नाही. तो खाली यायचा, झाकण कानाशी धरायचा, वास घ्यायचा, आणि खिशातून निळा मेणखडू काढायचा. नुसतं वर्तुळ म्हणजे ही आधी संपव. वर्तुळाखाली रेघ म्हणजे आतलं खराब झालंय, हिला उघडू नकोस, हलवू नकोस, आणि कोणाला सांगू नकोस, मी बघतो. राझिया सात-आठ वर्षांची असताना त्यानं तिला हे शिकवलं, आणि त्या दोघांमध्ये आईच्या पाठीमागे एक भाषा तयार झाली, जिचा तिला फार अभिमान होता. तसल्या बरण्या मग एके दिवशी नसायच्या. आई मोजायची आणि म्हणायची, एवढ्या खाल्ल्या आपण? आणि तो म्हणायचा, चवदार होत्या.

आता तळघरात, चाळीशी उलटून एक वर्ष झाल्यावर, राझियाला त्या भाषेचा राग आला. इतका, की तिनं समोरची बरणी उचलून पुन्हा जागेवर आपटली. त्यानं ती खोकी ओळखून ठेवली होती. युद्ध संपलं, त्यांच्या सैन्याचा माल याव्होरिकला गेला, त्याच्याबरोबर तोही कोठारपाल म्हणून गेला, पुढे युद्धातल्या तिन्ही सैन्यांचं एक सैन्य झालं, सगळ्यांचा माल तिथंच आला, आणि तिथं त्यानं आपल्या खोक्यांवर रेघ मारून ठेवली. मी बघतो. आणि बघितलं खरंच, वीस वर्षं. ती खोकी उत्तरेच्या इमारतीत, सर्वांत थंड कोपऱ्यात. दर उन्हाळ्यात भल्या सकाळी जाऊन दारं उघडणं, दुपारी बंद करणं. निवृत्तीनंतरही तो आठवड्यातून एकदा बसनं वर जायचा, पोरांना शिकवायला म्हणून. खोटा आकडा खरा करायला त्याच्याकडे एवढंच होतं. सांगितलं असतं तर ती एका दिवसात वेगळी काढून माळावर जाळता आली असती. पण मग कोणीतरी विचारलं असतं: हे केव्हापासून? आणि यातली वापरली किती? हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसांत, नळ्यांमधून, तो रोज एकच विचारायचा. "किती अंश आहे?" ती खोलीतला आकडा सांगायची. बावीस, बाबो. तो मान हलवायचा, चिडायचा, पुन्हा विचारायचा. "वर. वर किती?" ती म्हणायची, वरच्या मजल्यावरही एवढंच असेल. केवढी मूर्ख. तो याव्होरिकचं विचारत होता. अशी बारूद स्वतःच स्वतःला खाते, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. तिच्यात एक पदार्थ घातलेला असतो जो ते खाणं थोपवून धरतो, तो वर्षागणिक संपत जातो, आणि उकाड्यात भराभर. संपला की ती आतून तापते. कोणी काडी लावावी लागत नाही.

उरलेलं तिला आधीपासून ठाऊक होतं, फक्त ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. चौऱ्याण्णवच्या जुलैत झुमराचा मुलगा एल्वेदिन डोंगरावर उखळी तोफेपाशी मेला. वीस वर्षांचा. नळी फुटली. बरोबरचे दोघं वाचले, त्यांतल्या एकानं सांगितलं की आवाज झाला एवढंच आठवतं. चौकशीला वेळ कोणाला होता? लोकांनीच ठरवलं: पोरगा दोन रात्री जागा होता, पहिला गोळा आत असतानाच त्यानं दुसरा सोडला. तोफखान्यात असं होतं, झोपेनं होतं. बाजारात, मशिदीच्या अंगणात, पाण्याच्या रांगेत हे वाक्य फिरलं, आणि युद्ध संपल्यावरही राहिलं. युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडापाशी दर जुलैत भाषण व्हायचं तेव्हा इतरांना वीर म्हणायचे आणि एल्वेदिनला बिचारा. आणि बाबो? बाबो पंचवीस वर्षं त्या बाईकडे कॉफी प्यायला बसत होता. कोणी दुसऱ्या गोळ्याची गोष्ट काढली की तो वाटीत बघायचा. दर सप्टेंबरमध्ये झुमराच्या सरपणाचा ढीग फूटपाथवर पडला की तोच पाठीवरून तिसऱ्या मजल्यावर चढवायचा, सत्तरी उलटली तरी, आणि राझिया लोकांना सांगायची की माझा बाप असा आहे. चाळीस खोक्यांपैकी अडतीस याव्होरिकला पोचली होती, हे तिला माहीत होतं. मालाची मोजदाद करायला तिनंच एकदा त्याला मदत केली होती. दोन कुठं गेली ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, याव्होरिकला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती स्वतःशी भांडत बसली. कोठाराखाली गाव आहे, तीस घरं, आलुबुखाऱ्याच्या बागा. तिचं तिथं कोणी नाही. ते गावही तिला आवडत नव्हतं. वेढ्याच्या वेळी तिथली माणसं पलीकडच्या, वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला होती. ही गोष्ट मनात आल्याबरोबर तिला कळलं की आपण काय हिशेब करतोय, आणि खिडकीबाहेर बघायला तिला नको वाटायला लागलं. कोठाराच्या फाटकावर तिनं बाबोचं नाव सांगितलं तेव्हा पहारेकऱ्यानं अदबीनं टोपी काढली. तेही तिला नको होतं. बाबोच्या जागी आता तिहोमिर नावाचा माणूस होता. दफनाला तो आला होता, मागे उभा राहिला होता, गेला होता. पन्नाशीचा, मिशा नीट कातरलेल्या, युद्धात पलीकडच्या सैन्यात. त्याची कचेरी लखलखीत होती. भिंतीवर रंगीत तक्ते, परदेशी प्रशिक्षणाचे तीन दाखले. त्यानं तिला पाणी दिलं, कॉफीचं विचारलं नाही.

जुनी खोकी रिकामी करताना त्यांवरच्या निळ्या खुणांचं काय केलंत, असं तिनं विचारलं. तो म्हणाला की आकडे जसेच्या तसे उतरवलेत, एक चूक नाही, तपासणीवाल्यांनी दोनदा बघितलंय. खुणांना नियमांत जागा नाही. मग थोडं हसून म्हणाला, "तुमच्या वडिलांना चित्रं काढायची हौस होती. मी काय करणार त्या चित्रांचं, बाई?"

"त्या खुणांखालचा आकडा खोटा आहे."

"८४१७ ना? आमचा सर्वांत चांगला लॉट. प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे."

"तुम्ही नमुना खऱ्या खोक्यातून काढला असेल. खरी तीनशे असतील. अडतीस आम्ही घरी केलेली आहेत, वेढ्यात. आकडा मी रंगवलाय. चार हाताचा आहे, त्याचं डोकं उघडं आहे. तुमच्या माणसांच्या लक्षातही आलं नसेल."

तिहोमिरच्या चेहऱ्यावरचं हसू कोणी पुसल्यासारखं गेलं नाही, तसंच राहिलं, फक्त त्यात माणूस उरला नाही. तो म्हणाला की आम्ही समोरच्या उतारावर बसायचो तेव्हा तुमचे गोळे कधीकधी अर्ध्या वाटेत पडायचे. "आम्ही हसायचो. म्हणायचो, तुर्कांनी आज पुन्हा भात भरला वाटतं." मुसलमानांना तुर्क म्हणणं ही पलीकडच्यांची जुनी शिवी होती. राझियानं ग्लास खाली ठेवला. तिला तो त्याच्या तोंडावर रिकामा करावासा वाटला आणि त्याच वेळी, त्याहून जास्त लाजिरवाणं म्हणजे, तिला त्याचं म्हणणं बरोबर वाटलं. "तुम्ही नव्हतं केलं असं काही?" तिनं विचारलं. "केलं ना," तो म्हणाला. "सगळ्यांनी केलं. फक्त आमच्या माणसानं वर्तुळं काढली नाहीत. आमची कुठली ते देवालाच ठाऊक." मग तो उठला, खिडकीशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाला की ८४१७ चांगला लॉट म्हणून त्यांनी तो उत्तरेच्या इमारतीतून हलवला. तिथली थंड जागा वाईट मालासाठी रिकामी केली. आता तो दक्षिणेच्या शेडमध्ये आहे, पत्र्याखाली. जूनपासून तिथं आंबट वास येतो. तो समजत होता, नव्या प्लॅस्टिकचा असेल.

"हलवा मग," राझिया म्हणाली.

"तुमच्या तोंडच्या शब्दावर मी एक खिळा हलवू शकत नाही. कागदावर तो माल उत्तम आहे. तुम्ही लिहून द्या. कोणी केलं, केव्हा, किती, कशानं. सही करा. मग मी सगळाच्या सगळा आकडा, तीनशे काय नि अडतीस काय, आज दुपारी माळावर काढतो. नियम मला तेवढं करू देतो." त्यानं खणातून कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला, तिला बसायला सांगितलं नाही, ती बसलेलीच होती. "वडिलांचं नाव घालावं लागेल. फाटकावर त्यांच्या नावाची पाटी आहे, माहीत असेल तुम्हाला. ती काढायला मला आवडणार नाही असं नाही, पण मी काही तुमच्याकडे मागायला आलो नव्हतो." राझियानं लिहिलं. तिचं अक्षर अजून सुबक होतं. वडिलांचं नाव, तिचं नाव, साल, स्वयंपाकघर, पांढरा रंग, चाळीस. वापरलेली खोकी किती, या प्रश्नापाशी तिनं लिहिलं: दोन. कुठं आणि केव्हा, या प्रश्नापाशी हात थांबला आणि मग तिनं लिहिलं: माहीत नाही. ते दोन शब्द लिहिताना तिला बाबो आठवला नाही, झुमरा आठवली नाही. फक्त जिभेखाली एक चव आली, साखर विरघळून गेल्यानंतरची. तिहोमिरनं कागद वाचला. तो म्हणाला, मुलगी दुःखात आहे, काहीही लिहिते, असं म्हणणारे निघतील. आज मी माल बाहेर काढीन, पण जाळायची परवानगी हवी असेल तर लाकूड लागेल. आकडा आणि खूण दोन्ही असलेली एक तरी फळी. आमच्याकडे एकही उरली नाही. "रासिमनं सगळी पेटवणाला फोडली असतील," तो म्हणाला. "नाही," राझिया म्हणाली. "तीन आहेत."

परत येताना बस रिकामी होती. तिनं ठरवलं की मातीच्या तीन चांगल्या कुंड्या घ्यायच्या आणि झुमराला सांगायचं की त्या हिरव्या लाकडाला विषारी औषध मारलेलं असतं, मिरच्या खाऊ नकोस. ते खरंही होतं. औषधांच्या दुकानातली बाई सांगते म्हटल्यावर झुमरानं ऐकलं असतं. कुंड्या घेऊन जिना चढताना तिला घामानं धाप लागली. झुमरा दारातच होती, हातात पाण्याचं भांडं.

"कुठं होतीस एवढ्या उन्हात? आणि हे काय, माझ्यासाठी?"

राझियानं औषधाची गोष्ट सांगितली. झुमरानं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, कुंड्यांना हात लावून बघितला, आणि म्हणाली की बरं, मिरच्या हलवते, खोकी मी पेटवीन हिवाळ्यात. नको, राझिया म्हणाली, खोकी मला दे. एक तरी. कशाला? अशीच. झुमरा तिच्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्या बायकांचे डोळे पाणावलेले असतात, त्यांतून काही दिसत नसेल असं आपल्याला उगाच वाटतं. "तुझा बाबोही असाच होता," ती म्हणाली. "काही हवं असलं की आधी काहीतरी द्यायचा." आणि मग राझियाच्या तोंडून ते निघालं, जिन्यातच, कुंड्या हातात असताना. सावकाश, क्रमानं, दुकानात औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं. तेता, मावशी, त्या खोक्यावरचा चार मी काढलाय. आत खराब बारूद होती. बाबोला माहीत होतं. दोन खोकी डोंगरावर गेली, जुलैच्या आधी. एल्वेदिननं दुसरा गोळा सोडला नव्हता.

झुमरा रडली नाही. तिनं पाण्याचं भांडं पायरीवर ठेवलं. मग तिनं विचारलं, "तो आकडा बघून भरायचे?"

"हो."

"मग त्यानं बघितला असणार. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा वाचायचा तो." ती जिन्याच्या कठड्याला धरून होती आणि तिचा आवाज, जो नेहमी सगळ्या इमारतीला उद्देशून असायचा, आता फक्त राझियापुरता होता, आणि त्यामुळे जास्त वाईट. "पंचवीस वर्षं लोक माझ्या पोराला झोपाळू म्हणतात. तुझा बाप माझ्यासमोर बसून कॉफी प्यायचा. माझी लाकडं वाहायचा. मी त्याला दुवा द्यायचे." तिनं श्वास घेतला. "वर जाऊन आलीस ना तू? काय लिहून दिलंस?"

"दोन वापरली. कुठं ते माहीत नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

"उद्या पुन्हा जायचं," झुमरा म्हणाली. "कुठं ते लिहायचं. त्याचं नाव लिहायचं, आईचं नाव लिहायचं. दुसरा गोळा नव्हता, हे लिहायचं." राझिया म्हणाली, खोकं मी उचलते, जड आहे. "हात लावू नकोस," झुमरा म्हणाली. "तुमच्या घरानं माझं खूप उचललं." आणि तिनं दार लावलं. दाराआडून राझियाला बराच वेळ आवाज येत राहिला: मुळं मातीतून सुटल्याचा, माती फरशीवर पडल्याचा. कुंड्या तिनं तिथंच, चटईच्या कडेला ठेवल्या.

पहिल्या बसच्या वेळी झुमरा थांब्यावर आधीच उभी होती. काळा नव्हे, पांढरा रुमाल डोक्याला, पायात दफनाला घालायचे बूट. खोकं तिनं घासून धुतलं होतं, आत मातीचा कण नव्हता. शेजारच्या कचऱ्याच्या पिंपात मिरच्यांची रोपं पडली होती, लाल व्हायला आलेल्या मिरच्यांसकट. राझियानं दोन तिकिटं घेतली. झुमरानं आपलं वेगळं घेतलं. बसमध्ये ती पुढे बसली, जाण्यायेण्याच्या वाटेच्या पलीकडच्या बाकावर, खोकं मांडीवर उभं धरून. ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, आजी, खाली ठेवा की ते. ती म्हणाली, राहू दे. शहर संपलं, बोगदा आला, बोगद्यापलीकडे चढ सुरू झाला, आणि खूप वर, याव्होरिकच्या माळावर, माणसं मुंग्यांसारखी रांगेनं ये-जा करताना दिसली, दोघांत एक पेटी धरून. तिहोमिरनं लाकडाची वाट बघितली नव्हती, कालपासून माल काढणं चालूच होतं. राझियाला वाटलं, हे झुमराला दाखवावं. तिनं मान वळवली. झुमरा रस्त्याकडे बघत नव्हती. तिनं खोकं थोडं फिरवलं होतं, आकड्याची बाजू राझियाकडे करून, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, म्हणजे वळणावर हलू नये. पाऊण तास राझिया त्या चाराकडे बघत बसली. पंधराव्या वर्षी तिला वाटलं होतं तेवढा तो सुबक नव्हता.